काठावरची साखर

९ जून

बियाण्याच्या कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर दुकानात उदबत्तीच्या पुड्याखाली पडून होती. पानापानावर वर शेंगांचा फोटो आणि खाली 'भरघोस उत्पन्नाची हमी'. डायलिसिसच्या सिस्टरने सांगितलं होतं की काकूंचं वजन आणि पाणी रोज लिहून ठेवा. काकू म्हणजे माझी बायको जयमाला. तिने ते कॅलेंडरवर लिहायला घेतलं, कारण दूधवाल्याचे खाडेही ती तिथेच मांडते. मग डायरी उरली मला. बोलायची सवय लागलेल्या माणसाच्या हाती पेन म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण बघू.

आज जयमालाचं नाव यादीत लागलं. ब्लडप्रेशरने तिच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. गेली दोन वर्षं आठवड्यातून दोनदा उंद्रीहून चिखलीला जायचं, हातात सुया टोचून घ्यायच्या आणि संध्याकाळी पिळून काढल्यासारखं परत यायचं. आता संभाजीनगरच्या मोठ्या हॉस्पिटलात नाव नोंदवलं. कुठे कोणाचा मेंदू मेला आणि घरच्यांनी अवयव दिले, की यादीतल्यांना फोन येतो. फोन आला की निघायचं, उशीर करायचा नाही.

नोंदणी करणाऱ्या अर्पिता मॅडम भल्या वाटल्या. त्यांनी फोन नंबर विचारले. मी माझा दिला आणि दुसरा दुकानाचा दिला. "काकूंचा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ती कुठे जाते? माझ्याजवळच असते." जयमालाने पिशवीतून मोबाइल काढला होता, तो परत ठेवला.

घरच्या कोणाची किडनी मिळाली तर सगळ्यात बरं, असं डॉक्टर म्हणाले. सुचिता आमची एकुलती एक, ती पुण्याला आणि चौथा महिना चालू. जयमालाचा भाऊ दीपक, त्याला स्वतःलाच मुतखडा. राहिलो मी. माझा रक्तगट सगळ्यांना चालणारा निघाला. पण शुगर काठावर! जेवण सांभाळा, चाला, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे सध्या तरी मी बाद. गाडीत मी जयमालाला म्हटलं, "पाह्य ना, नशीबच खराब." ती म्हणाली, "हाव."

२१ जून

अमडापूरला तेरवी होती. मयतीला भाषण माझंच होतं.

उंद्रीत माझं कृषी केंद्र आहे, पण लोक मला खत-बियाण्याने ओळखत नाहीत. अमडापूरपासून मेहकरपर्यंत कोणाच्याही घरी मयत झाली की सरणाला अग्नी दिल्यावर दोन शब्द बोलायला मला बोलावतात. पुढारी बोलतात तेव्हा लोक चपला शोधत असतात. मी बोलतो तेव्हा रडतात. ही देणगी आहे, मी काही शिकायला गेलो नव्हतो.

ज्याने श्रद्धांजली वाहिली त्याला तेरवीचं आवतण असतंच. गोड जेवण झाल्याशिवाय त्या घराचं सुतक संपत नाही, आणि पहिली वाढणी माझ्या पानात पडते. आज बुंदी होती. मी हात आडवा धरला तर मेलेल्याची विधवा हात जोडून उभी राहिली. अशा वेळी शुगर सांगणं माणुसकीत बसत नाही. दुसऱ्यांदा वाढली तेव्हाही बसलं नाही.

घरी आलो तर जयमाला म्हणाली, "बुंदी होती का?"

"थोडी."

"बरं," म्हणाली आणि तिची भाजी उकळून पाणी फेकायला मोरीत गेली. तिला भाजीतले क्षार चालत नाहीत. तसली भाजी मी एकदा चाखली आहे. ओला कागद परवडला.

८ जुलै

आज एक नवा विचार मांडला आणि तो लोकांना लागला. सरणासमोर म्हटलं, "माणूस रिकाम्या हातानं जाते म्हणतात, पण ते खोटं आहे. दोन डोळे, दोन किडन्या, एक लिव्हर, एवढं सामान तो विनाकारण संगं घेऊन जातो, आणि तिकडे त्याचं गिऱ्हाईक कोणी नाही." मग जयमालाचं सांगितलं. आवाज आपोआप भरून आला. बायाबापड्या स्मशानात येत नाहीत, पण पुरुषांनीही डोळे पुसले.

घरी येऊन तिला सगळं म्हणून दाखवलं. डॉक्टरांनी दिवसाला मोजून दिलेलं पाणी संपलेलं होतं, म्हणून ती बर्फाचा खडा चघळत बसली होती. म्हणाली, "लय चांगलं बोलता तुम्ही."

अर्पिता मॅडमलाही फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, उत्तम. पण घरी वारलेल्या माणसाची किडनी घेता येत नाही. आयसीयूत असताना, मेंदू मेल्यावरच." ते मला ठाऊक आहे. विचार पेरायला काय हरकत आहे? उगवेल तेव्हा उगवेल.

२४ ऑगस्ट

परवा पोळा झाला. काल डायलिसिस चालू असताना जयमालाचं ब्लडप्रेशर एकदम पडलं. तिचे डोळे वर गेले. सिस्टर पळाल्या, पाय वर केले, मशीन थांबवलं. मी बाहेर बाकावर एकाला तणनाशकाचं प्रमाण सांगत होतो. आत गेलो तेव्हा ती शुद्धीवर येत होती आणि मला पाहून तिने पदर सारखा केला. मी तिचा हात धरला. त्या हाताची शीर डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशनने फुगवलेली आहे, तिथे बोट ठेवलं की आत घरघर जाणवते.

आज हृदयाची सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं. हृदयाचा पंप कमजोर होतो आहे. किडनी लवकर बसली तर सावरेल. नाहीतर पुढे हृदयच ऑपरेशन झेपू देणार नाही, मग यादीत नंबर लागूनही उपयोग नाही. किती दिवस, विचारलं. ते म्हणाले, "वर्ष धरू नका."

जयमालाला मी सांगितलं की सगळं ठीक आहे. मी तिच्याशिवाय काय करीन? चहा कोणत्या डब्यात आहे हेसुद्धा मला माहीत नाही. लग्नानंतर तेहतीस वर्षांत ती माहेरी राहिली तेवढ्याच रात्री मी एकटा झोपलो असेन. आज दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यावर बसून रडलो.

१३ सप्टेंबर

तीन महिने झाले. रक्त तपासायला जायचं होतं, पण पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात एकतर शुभ काम करत नाहीत, आणि दुसरं म्हणजे रोज कोणाकडे तरी पितरांचं जेवण. ज्यांच्या बापाला मी निरोप दिला ते मला पहिलं ताट वाढतात. खीर खाऊन रक्त दिलं तर आकडा खोटाच येणार. मग जाऊन करायचं काय? नवरात्र उलटू दे, असं ठरवलं.

जयमालाला हे समजावून सांगितलं. ती गव्हातले खडे निवडत होती. म्हणाली, "तुमच्या मनाले पटते तवा जा." चांगल्या बायकोचं हेच लक्षण आहे, मागे लागत नाही.

६ ऑक्टोबर

काय झालं ते लिहितो. कुठेतरी लिहावं लागेल.

उंद्रीतलेच एक म्हातारे वारले, माझे जुने गिऱ्हाईक. गावची दुकानं बंद ठेवली, अर्थातच माझंही. स्मशानात मी फोन बंद ठेवतो. एकदा ऐन सरणासमोर माझ्या फोनवर फवारणी पंपाची जाहिरात वाजली होती आणि पोरं हसली होती, तेव्हापासूनचा नेम. आजचं भाषण लांबलं. अवयवदानाचा भाग आता मी शेवटी घेतो, तोपर्यंत लोक मऊ झालेले असतात. मग विहिरीवर आंघोळ, मग त्यांच्या ओट्यावर कडुनिंबाचा पाला चावून बसलो, मग काळा चहा.

फोन चालू केला तर मिस कॉलच मिस कॉल. एकाच नंबरचे. खाली सरकवत गेलो, संपेचनात.

अर्पिता मॅडम म्हणाल्या, "काका, कुठे होतात तुम्ही? काकूंचा नंबर पहिला लागला होता. दुकानाच्या फोनवरही केला. आम्ही थांबलो, जितकं थांबता येतं तितकं." मी म्हटलं, आत्ता निघतो, गाडी तयार आहे. त्या म्हणाल्या, "दुसरे पेशंट पोहोचले, काका. त्यांना आत घेतलं."

मी त्या ओट्याच्या काठावर बसून राहिलो. लोकांना वाटलं मी त्या म्हाताऱ्यासाठी बसलोय. एकाने पाठीवर हात ठेवला, म्हणाला, "भाऊ, इतकं मनाले लावून घेऊ नका."

घरी आलो. जयमाला म्हणाली, "लय उशीर झाला." मी म्हटलं, "हाव, गर्दी होती." सांगितलं नाही. सांगून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा? आणि त्या किडनीत काही खोट निघाली असती, रक्त जुळलं नसतं, काय सांगावं? असं मी मनाला सांगतो आहे. मनावर माझ्या भाषणाचा परिणाम होत नाही.

१७ ऑक्टोबर

यादीसाठी रक्ताचा नमुना द्यायला संभाजीनगरला गेलो होतो. मी गाडी लावून येईपर्यंत जयमाला अर्पिता मॅडमच्या खोलीतून बाहेर पडत होती. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदात डोकं घातलं. त्यांनी काही सांगितलं असेल अशी भीती वाटली. पण जयमाला जालन्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होती, मग डोळे मिटून बसली. तिला कळलेलं नसावं. कळलं असतं तर बाईमाणूस गप्प बसतं का?

वाटेत फक्त एकदा विचारलं, "मयतीत तुमचा फोन बंदच असते ना?"

"हाव, काऊन?"

"काई नाई. आसंच."

२० ऑक्टोबर

जयमालाने जुन्या ब्लाउजच्या कापडाची छोटी पिशवी शिवली आहे आणि मोबाइल त्यात घालून गळ्यात अडकवते. स्वयंपाक करताना, डायलिसिसला, झोपतानाही. मला हसू आलं. सुचिताचे दिवस भरत आलेत, तिच्या फोनसाठी आईचा जीव टांगलेला. मी थट्टा केली, "मंगळसूत्रापरीस आता हेच मोठं झालं." ती हसली नाही. आजकाल थट्टा तिला झेपत नाही.

२ नोव्हेंबर

आज माझ्या हातून जे झालं ते चांगलं की वाईट हे मला अजून कळलेलं नाही.

हिंमतराव माझ्या दुकानाच्या पलीकडच्या गल्लीतले. त्यांचा धाकटा पोरगा जीवन मेहकर रोडला मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार. चार दिवस मशीनवर होता, मग मेंदू मेला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, अवयव देता का. हिंमतराव नाही म्हणाले आणि पोराला अख्खं घरी घेऊन आले.

मला हे कळलं होतं. सरणासमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. एवढी तरणी किडनी! चोवीस वर्षांची! मी म्हटलं, "आज या आगीत काय काय जळून राहिलं आहे, याचा विचार करा. कुठंतरी कोणीतरी वाट पाहत बसलं होतं." असं बोलायला नको होतं. बोलत असतानाच ते मला कळलं होतं, पण वाक्य सुरू झालं की मला थांबता येत नाही.

हिंमतराव मडकं फोडून आलेले, खांद्यावर ओला टॉवेल. ते पुढे आले. ओरडले नाहीत.

"कारभारीभाऊ, माह्या पोराचं मांगून राह्यले तुम्ही. तुमच्या बाईले तुम्ही देली का?"

 लाकडं तडतडत होती. इतक्या वर्षांत स्मशानात मला पहिल्यांदा शब्द सुचेना. आणि मग सुचले ते हे, "देणार हाये. मी माह्यी देणार हाये."

मागे कोणीतरी टाळी वाजवली. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो थांबला.

३ नोव्हेंबर

घरी कसं सांगायचं याचा विचार करत काल झोपलो. सकाळी दुकान उघडून नाश्त्याला परत आलो तर अंगणात बायका. शेजारच्या अंबूबाई जयमालाची खणानारळाने ओटी भरत होत्या. "पुण्यवान हायेस बाई. आसा नवरा दिवा लावून शोधला तरी भेटत नाई."

जयमाला त्यांच्यासमोर पाटावर बसली होती. तिने सगळ्यांना चहा केला, स्वतः अर्धा घोट घेतला. बायका गेल्यावर नारळ देवापाशी ठेवला.

"मले घरी सांगतलं असतं तं चाललं असतं ना," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुला आनंदाचा धक्का द्यायचा होता."

"दहा-पाच मान्सायच्या आंधी मले सांगाचं होतं," एवढंच म्हणून ती उठली. मला वाईट वाटलं. इतकी मोठी गोष्ट करूनही माणूस चुकतोच.

१९ नोव्हेंबर

आज रिपोर्ट आला. शुगर नॉर्मल.

डॉक्टरांनी हात मिळवला. "काय केलंत? चालायला लागलात का?" मी म्हटलं, हो. खरं तर मी काहीच केलं नाही. त्या दिवसापासून घशाखाली घासच उतरत नाही. दोन तेरव्या झाल्या, दोन्हीकडे पान तसंच ठेवून उठलो.  पॅन्ट सैल झाली आहे. थंडीमुळे असेल.

सुचिताला मुलगी झाली. सगळं सुखरूप. मी नातीचा फोटो पाहिला आणि पहिला विचार मनात आला, हिला मी चालायला शिकवीन का? ऑपरेशनच्या टेबलावर काही झालं तर? डॉक्टर म्हणतात, एका किडनीवर माणूस आयुष्य काढतो. डॉक्टरांच्या दोन्ही जागेवर आहेत.

लिहूनच टाकतो. मला भीती वाटते. मला मरायचं नाही. कोणी माझ्या कुशीत सुरी घालणार, हे नुसतं मनात आलं तरी तळहाताला घाम सुटतो. जयमाला दोन वर्षांपासून हातात जाड सुया घालून घेते आहे आणि मी एका कापण्याला भितो. असं का, मला सांगता येत नाही. तिच्यावर माझं प्रेम आहे. हे दोन्ही खरं आहे.

११ डिसेंबर

बसस्टँडवर मित्रांनी फ्लेक्स लावला. 'किडनीदाते कारभारीभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन'. माझा फोटो गॉगल घातलेला, मेहकरच्या मेळाव्यातला. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. जयमालाचा फोटो नाही. त्यांना मिळाला नाही म्हणे.

येता-जाता लोक थांबवतात. "कधी हाये ऑपरेशन?" मी सांगतो, जानेवारीत मंजुरी देणाऱ्या समितीपुढं मुलाखत झाली की. आता मागे फिरायचं म्हटलं तर या फ्लेक्सखालून जावं लागेल. गावात तोंड दाखवता येणार नाही.

डॉक्टरांनी हृदय पुन्हा तपासलं. पंप आणखी खाली आला आहे. म्हणाले, हे एवढ्यात झालं पाहिजे, यादीची वाट पाहण्यात आता अर्थ उरलेला नाही. या वेळी जयमाला शेजारीच बसली होती आणि तिने सगळं ऐकलं. डॉक्टरांना विचारलं, "आनि समजा नाई झालं तं?" डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले की होणारच आहे ना, काका देताहेत.

२८ डिसेंबर

जेवण नाही. झोप नाही. जयमाला रात्री म्हणते, "पडा ना." मी म्हणतो, "दुकानाचा विचार करून राहिलो." ती स्वतः दोन उशा घेऊन बसूनच झोपते, कारण आडवं झालं की तिला दम लागतो. असे आम्ही दोघं बसलेले.

मी एक भाषण तयार केलं आहे, समितीपुढे करायचं. पाठ झालं आहे. 

६ जानेवारी

संभाजीनगर. समितीत तीन डॉक्टर आणि एक सरकारी साहेब. आधी मला एकट्याला बोलावलं, व्हिडिओ चालू. कोणी दबाव आणला का, पैसे दिले का, धोका समजला का. मी चांगलं बोललो. पती-पत्नी म्हणजे एकाच बैलगाडीची दोन चाकं, असं म्हटलं. साहेबांनी मान डोलावली. 

मग जयमालाला एकटीला. तिला फार वेळ लागला नाही. बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली आणि पदराने चष्मा पुसत राहिली.

साहेबांनी मला परत बोलावलं. आवाज मऊ होता. "सध्या मंजुरी देता येणार नाही. देणाऱ्याची मनापासून तयारी पाहिजे. यात लाजण्यासारखं काही नाही, काका." मी म्हटलं, माझी तयारी आहे. ते म्हणाले, "तुमच्या मिसेसनीच सांगितलं."

गाडीत बसल्यावर मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर इतका ओरडलो नसेन. "काय सांगतलं तू त्यायले?"

"त्यायनं इचारलं, खुशीनं देऊन राह्यले का. मी म्हन्लं, नाई. भेऊन राह्यले. लोकायपुढं बोलून बसले म्हून देऊन राह्यले."

"काऊन? काऊन सांगतलं तसं?"

"मंग खोटं सांगू? रातचे उठून बसता. कमरेले हात लावून पाह्यता. मी काय आंधळी हावो?"

"लोकायले काय सांगू आता मी?"

"सांगा सायबायनं नाई म्हन्लं. खरंच हाये ते. तुमच्यावर काई येत नाई."

"आनि तुह्यं काय?"

तिने गळ्यातली पिशवी सारखी केली. "यादी हाये ना. पाहू."

यादीचं डॉक्टर काय म्हणाले ते तिने ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं.  मी गाडी सुरू केली.

जालना सोडलं आणि मला काय झालं ते लिहायला लाज वाटते, पण या डायरीत तरी खरं लिहितो. मला हलकं वाटायला लागलं. छातीवरचं पोतं कोणीतरी उचलून खाली ठेवलं. सुंठीवाचून खोकला गेला, हेच शब्द मनात आले. मी ते हाकलले, ते परत आले. शेजारी माझी बायको धापा टाकत बसली होती आणि मला मोकळं वाटत होतं. गाडी चालवताना मी चक्क गुणगुणायला लागलो होतो. ऐकू आल्यावर थांबलो.

देऊळगाव राजाच्या अलीकडे ती म्हणाली, "थांबा इथं. तुम्ही सकाळपासून जेवले नाई." मी म्हटलं, भूक नाही. ती म्हणाली, "हाये. थांबा."

ढाब्यावर तिने माझ्यासाठी शेवभाजी आणि भाकरी मागवली. स्वतःला काही नाही. पहिला घास घेतला आणि मग मला थांबता येईना. दोन महिन्यांत जेवलो नसेन असा जेवलो. कांदा फोडला, ठेचा मागितला, रस्सा पुन्हा घेतला. घाम आला, नाक वाहायला लागलं. पाण्याचे दोन ग्लास पोटात ओतले, तिच्यासमोर.

वर पाहिलं तर ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने असती तर बरं झालं असतं. सुचिता लहानपणी तापातून उठून पहिल्यांदा वरणभात खायला बसली होती, तेव्हा जयमाला तिच्याकडे अशी बघत बसली होती.

मी म्हटलं, "जयमाला, मी..." 

"जेवा," ती म्हणाली. "आता झोप लागीन तुम्हाले."

मग तिने वाढणाऱ्याला हाक मारली आणि मला अजून एक भाकरी द्यायला सांगितली. मी तीही खाल्ली.